टीमच्या मीटिंगला कुठलं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप घ्यायचं? आधी गारगोटीतनं टेस्ट करा, मग ठरवा

या महिन्यात ओळखीतल्या तिघांनी मला एकच गोष्ट विचारली, की माणसं वेगवेगळ्या गावात बसून काम करतात तर मीटिंगला झूम घ्यायचं का मीट का टीम्स, आणि पैसे भरायचे का फुकटात भागतंय. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं.

आधी आमचं काम सांगतो म्हणजे तुमच्याशी कुठं जुळतंय ते कळेल. आम्ही फाउंड्रीवाल्यांसाठी कास्टिंगची (ओतीव भागांची) आणि पॅटर्नची (ज्यावरनं ओतायचा साचा बनतो त्या नमुन्याची) थ्रीडी मॉडेल आणि ड्रॉइंग करून देतो. टोटल अकरा माणसं. चौघं राजारामपुरीतल्या ऑफिसात, दोघं कोल्हापुरातच पण घरून, दोघं पुण्यात, एक ताई इचलकरंजीत, एक जण सांगलीत, आणि एक पोरगा गारगोटीच्या पुढं त्याच्या गावात. कस्टमर शिरोली एमआयडीसीतले, गोकुळ शिरगावचे, पुण्याचे आणि दोन जर्मनीतले. म्हणजे सकाळची आमची आमची मीटिंग वेगळी, ड्रॉइंग उघडून तासभर चालणारा रिव्ह्यू वेगळा आणि कस्टमरसोबतचा कॉल आणखी वेगळा.

सुरुवातीला आम्ही अ‍ॅप कसं निवडलं? ऑफिसात फायबरवर बसून तीन अ‍ॅप उघडली, दोन दोन मिनिटं एकमेकांची तोंडं बघितली, मस्त चाललं, झालं. मग एका रिव्ह्यूत गारगोटीचा पोरगा बोलताना आवाज तुटला, तो म्हणाला मशिनिंग अलाउन्स (ओतल्यावर मशीनवर घासून काढायला ठेवायची जादा जाडी) साडेतीन ठेवा, त्यातलं "साडे" गेलं आणि इकडं "तीन" ऐकू आलं. मॉडेल तीनचं झालं, पॅटर्न पण तसाच बनला, आणि अर्धा मिलिमीटर कमी पडल्याचं कळलं तेव्हा उद्यमनगरात पॅटर्नवाल्याकडं तो परत करून घ्यावा लागला. चूक अ‍ॅपची नव्हती आणि पोराची तर अजिबात नव्हती, आम्ही टेस्ट चुकीच्या जागेवरनं केली होती.

तर माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे, की तुमच्या टीममध्ये ज्याचं नेट सगळ्यात वाईट आणि ज्याचा लॅपटॉप सगळ्यात जुना, त्याच्या जागेवरनं टेस्ट करा. त्याला जे चालतं ते सगळ्यांना चालतं, उलटं होत नाही.

टेस्ट कशी करायची ते सांगतो. दोन वेळा करायची, एकदा सकाळी दहाच्या आसपास आणि एकदा रात्री आठला, कारण रात्री सगळं गाव मोबाइलवर असतं आणि टॉवरवर लोड येतो. दोन्ही वेळेला सगळ्यांनी जॉइन व्हायचं, दहा मिनिटं सगळ्यांचे कॅमेरे चालू, मग त्या लांबच्या माणसानं स्क्रीन शेअर करून खरोखरच्या कामातली फाइल उघडायची, डेमोची पानं नकोत, आणि शेवटी सगळ्यांनी कॅमेरे बंद करून पाच मिनिटं नुसतं बोलायचं. बोलताना आकडे बोलायचे. साडेसात, पावणेदोन, सव्वातीन असले, आणि समोरच्यानं ऐकलं ते कागदावर लिहायचं. शेवटी जुळवून बघायचं. गप्पा तुटक ऐकू आल्या तरी आपलं डोकं अंदाजानं वाक्य पुरं करतं आणि वाटतं सगळं कळलं, आकड्यात तसा अंदाज चालत नाही.

आता लोक म्हणतात स्पीड टेस्टला माझं पन्नास एमबीपीएस दाखवतंय मग आवाज का तुटतो. हे नीट समजून घ्या कारण पैसे इथंच वाया जातात. व्हिडिओ कॉलचा आवाज बारीक बारीक तुकड्यांत जातो, सेकंदाला पन्नासच्या आसपास तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याची पोचायची वेळ ठरलेली. गावात सकाळी दुधाची गाडी येते तसं आहे बघा, गाडी उभी असेपर्यंत कॅन आला तर चढतो, उशिरा आला तर गाडी गेलेली असते आणि त्या कॅनचा त्या फेरीला काही उपयोग नसतो. तसाच उशिरा आलेला आवाजाचा तुकडा अ‍ॅप टाकून देतं, कारण तो आता वाजवला तर बोलणंच मागं पडत जाईल. सिनेमा बघताना हा त्रास जाणवत नाही कारण तिथं पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. त्यामुळं स्पीडपेक्षा नेट किती एकसारखं येतं ते बघायचं.

बघायचं कसं तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग, मग ८.८.८.८, मग डॅश टी टाइप करून एंटर मारा, हे सगळं इंग्रजी की-बोर्डवर, आणि दहा मिनिटं चालू ठेवा. प्रत्येक ओळीत मिलिसेकंदाचा आकडा येतो. चाळीस, पंचेचाळीस, बेचाळीस असं येत राहिलं तर उत्तम. चाळीस, चाळीस, सहाशे, चाळीस, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट असं आलं तर स्पीड कितीही दाखवू दे, त्या नेटवर आवाज तुटणार. एका बाजूची दिरंगाई १५० मिलिसेकंदाच्या आत असली तर बोलणं सहज वाटतं, हा टेलिफोनवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. आणि शंभर तुकड्यांतला एखाद-दुसराच हरवला तर अ‍ॅप सांभाळून घेतं, त्याच्या वर गेलं की कानाला कळायला लागतं.

बरेचदा तर नेट चांगलं असतं आणि घरातलं वायफाय वाईट असतं. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागं आणि माणूस आतल्या खोलीत, मध्ये जुन्या घराची दीड फुटी भिंत. लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून तीच पिंग परत बघा, आकडे सुधारले तर कंपनीला फोन करू नका, केबल टाकून घ्या. केबल जमत नसेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा, त्यावर गर्दी कमी असते, पण ते भिंतीतून कमी जातं त्यामुळं जवळच बसावं लागतं.

स्पीड किती लागतो? झूमनं स्वतःच सांगितलेला हिशेब असा, की दोघांच्या कॉलला बरा व्हिडिओ हवा तर जायला ६०० आणि यायला ६०० केबीपीएस, नुसता आवाज असेल तर ६० ते ८० केबीपीएस, आणि चेहरे न दाखवता फक्त स्क्रीन शेअर असेल तर ५० ते ७५. बाकीच्या अ‍ॅपचं पण लई लांब नसतं. यातनं दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे अपलोड बघा, कारण प्लॅनच्या जाहिरातीत डाउनलोडचाच आकडा मोठा लिहिलेला असतो आणि तुमचा आवाज मात्र अपलोडवरनं जातो. दुसरं म्हणजे डेटा. वरच्या हिशेबानं तासभर व्हिडिओ कॉलला ५४० एमबी जातात आणि तासभर नुसत्या आवाजाला ५४ ते ७२. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर काम करणाऱ्या पोराला रोज दोन तास कॅमेरा चालू ठेवायला लावणं म्हणजे त्याच्या खिशातनं ऑफिस चालवणं आहे. आमच्याकडं सकाळच्या मीटिंगला पहिली दोन मिनिटं कॅमेरा, राम राम झालं की बंद, आणि कुणी तो बंद ठेवला तर कारण विचारायचं नाही.

आता अ‍ॅपकडं येतो.

गूगल मीटचा फायदा म्हणजे लॅपटॉपवर काही बसवावं लागत नाही, क्रोममध्ये लिंक दाबली की चालू, आणि जीमेल सगळ्यांकडं असतंच. फाउंड्रीतले मालक लोक, ज्यांना नवीन अ‍ॅप टाका म्हटलं की वैताग येतो, त्यांच्यासाठी हे सगळ्यात सोपं. फुकटच्या खात्यावर शंभर माणसं, पण तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांची मर्यादा. रेकॉर्डिंग फुकटात नाही, त्यासाठी वर्कस्पेसचा, म्हणजे गूगलच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेचा, वरचा प्लॅन लागतो.

झूमवर फुकटात पण शंभर माणसं, मर्यादा मात्र ४० मिनिटांची, आणि आता दोघांच्याच कॉलला पण तीच लागते. पण फुकटच्या खात्यावर सुद्धा कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करून ठेवता येतं, आणि स्क्रीनवर पेनानं खुणा करायची सोय, समोरच्याच्या हातात आपल्या स्क्रीनचा माउस द्यायची सोय हे ड्रॉइंगच्या कामाला लई उपयोगी पडतं. "तो वरचा होल, नाही त्याच्या शेजारचा, नाही नाही डावीकडचा" असं पाच मिनिटं चालायच्या ऐवजी सरळ गोल करून दाखवता येतं.

मायक्रोसॉफ्ट टीम्स फुकटात ६० मिनिटं आणि शंभर माणसं. तुमचं सगळं काम आधीच एक्सेल, आउटलुक, वनड्राइव्हवर असेल आणि त्याचे पैसे भरताच असाल तर आधी तुमच्या प्लॅनमध्ये टीम्स आहे का बघा, असलं तर दुसरं काही विकत घ्यायची गरज नाही. मोठ्या कंपन्या, त्यातल्या त्यात बाहेरच्या, बऱ्याचदा टीम्सचीच लिंक पाठवतात, त्यामुळं तुम्ही काहीही निवडा, एक लॅपटॉप टीम्ससाठी तयार ठेवावाच लागतो.

जित्सी मीट हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. फुकट आहे, त्याच्या साइटवर मीटिंग सुरू करणाऱ्याला २०२३ पासून लॉगिन करावं लागतं, बाकीचे लिंकवरनं येतात. आणि कुणी हुशार माणूस हाताशी असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, म्हणजे मीटिंग तुमच्याच मशीनवरनं जाते. पण मग सर्व्हर रात्री बंद पडला तर उठायचं पण तुम्हीच, हे धरून चला. भारतातलंच हवं असेल तर झोहो मीटिंग बघा, झोहोचं मेल किंवा बुक्स आधीपासून वापरत असाल तर जास्तच.

व्हॉट्सअ‍ॅपला कमी समजू नका. ३२ जणांपर्यंत ग्रुप व्हिडिओ कॉल होतो, २०२३ पासून स्क्रीन पण शेअर करता येते, आणि टीममधल्या प्रत्येकाला ते वापरता येतं. चार माणसांच्या दहा मिनिटांच्या बोलण्याला मी आजही तेच वापरतो. पण मोठं ड्रॉइंग मोबाइलच्या स्क्रीनवर वाचायला डोळे फुटतात, आणि कामाचं आणि घरचं एकाच ठिकाणी मिसळतं, रविवारी सकाळी मिसळ खाताना पण ग्रुपवर कुणीतरी रिव्हिजन विचारतो.

मर्यादेचं एक सांगतो. ४० मिनिटांची मर्यादा म्हणजे अडचणच असं नाही. आमची सकाळची मीटिंग अकरा माणसांत पंधरा मिनिटांत संपते, तिला फुकटचं काहीही पुरतं. पण कस्टमरसमोर कॉल मध्येच कट होणं फार वाईट दिसतं, विशेषतः पहिल्या ओळखीच्या कॉलला. मग पैसे कुठं भरायचे तर तिथं, आणि तेवढ्यापुरतेच. बहुतेक ठिकाणी पैसे मीटिंग सुरू करणाऱ्याच्या खात्याचे लागतात, येणारे फुकटात येतात. आम्ही अकरा माणसांना अकरा लायसन्स घ्यायच्या बेतात होतो, दोनमध्ये भागलं. एक रिव्ह्यूसाठी आणि एक कस्टमरसाठी, कारण एका खात्यावर एकाच वेळी दोन वेगळ्या मीटिंग भरवायला गेलं की बहुतेक ठिकाणी अडतं. पहिले दोन-तीन महिने मंथली घ्या, महाग पडतं पण पटलं नाही तर सोडता येतं, मग वर्षाचं घ्या. दाखवलेल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी धरा, आणि खातं उघडतानाच तुमचा जीएसटी नंबर टाका म्हणजे क्रेडिट घेता येतं, नंतर बिल बदलून मागत फिरणं लई किचकट जातं.

सिक्युरिटीबद्दल, कारण आमच्याकडं कस्टमरची ड्रॉइंग असतात आणि ती बाहेर गेली तर आमचं नाव गेलं. एप्रिल २०२० मध्ये आपल्या गृह मंत्रालयानं झूम सुरक्षित नाही अशी सूचना काढली होती, ते बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून बसलंय. त्याच महिन्यात झूमनं पासकोड आणि वेटिंग रूम आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात एंड टू एंड एन्क्रिप्शनची सोय दिली, म्हणजे मधल्या सर्व्हरला पण बोलणं वाचता येत नाही. पण ती सोय आपणहून चालू करावी लागते, आणि चालू केली की क्लाउड रेकॉर्डिंगसारख्या काही गोष्टी बंद होतात, हे दोन्ही लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ती कायमच चालू असते. अ‍ॅप कुठलंही असू दे, लिंक मोठ्या ग्रुपवर टाकू नका, प्रत्येक कस्टमरला वेगळी लिंक द्या, आत घ्यायचा अधिकार होस्टकडं ठेवा आणि नाव नुसतं "रेडमी" किंवा "आयफोन" दिसत असेल तर विचारल्याशिवाय आत घेऊ नका. सगळी स्क्रीन शेअर करायच्या ऐवजी फक्त ती विंडो शेअर करा, एका कस्टमरसमोर दुसऱ्याच्या फोल्डरचं नाव दिसलं तर तो काय विचार करेल बघा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी तोंडानं विचारा, नोट्स घेणारा एआय जोडला असेल तर ते पण सांगा.

ड्रॉइंग, एक्सेल, बारीक अक्षरं दाखवायची असतील तर शेअर करताना "व्हिडिओसाठी ऑप्टिमाइझ" असा काही पर्याय असेल तर तो बंद ठेवा. त्यात हलणारं चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून अक्षरं धूसर केली जातात. मॉडेल फिरवताना हळू फिरवा, थांबा, मग बोला, समोरच्याला ते एक-दोन सेकंद मागनं दिसत असतं. आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवायची आशा सोडा, कॉल मोबाइलवर घ्या आणि लॅपटॉप ड्रॉइंगला ठेवा.

ऑफिसात चौघं एका लॅपटॉपभोवती बसून बोलतात आणि बाहेरच्यांना जवळ बसलेल्या एकाचंच ऐकू येतं, ही सगळ्यात कॉमन चूक. आम्ही आधी चौघांनी चार लॅपटॉपवर जॉइन करून बघितलं तर आवाज घुमायला लागला, कारण एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकात. एक तर प्रत्येकानं हेडफोन घालायचा, नाहीतर एकच स्पीकरफोन टेबलाच्या मधोमध आणि बाकीच्यांचे माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. बाहेरच्या लोकांचा जीव वाचतो खरंच. चांगल्या कॅमेऱ्याला पैसे घालण्याआधी माइकवाल्या साध्या वायरच्या हेडफोनला घाला, वायरचाच, तो चार्जिंगला लावायचा विसरला असं होत नाही. गणपतीत, लग्नसराईत बाहेर आवाज असतो तेव्हा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन वर करा, पण शांत खोलीत ते मध्यमच ठेवा, फार वर केलं की हळू बोलणाऱ्याचे शब्दच गिळले जातात.

कोल्हापुरातल्यांनी पावसाळ्याचा वेगळा विचार करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, माणसं जिथं होती तिथंच अडकली, आणि नेमकं तेव्हाच ऑनलाइन कामाची खरी गरज होती. तेव्हापासून आमचा नियम असा, की फायबर एका कंपनीचं तर मोबाइलचं सिम दुसऱ्या कंपनीचं. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर बंद पडतो, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, घेताना अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट बघून घ्या, बहुतेक १२ असतात, आणि फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हीला बॅकअप लागतो. आणि सगळंच बसलं तर साधा फोन. मोबाइलच्या कॉन्फरन्सवर साधारण पाच जण जोडता येतात, कोण कुणाला जोडणार ते आधीच ठरवून ठेवा.

बाहेरचा कस्टमर असेल तर वेळ तोंडी ठरवू नका, कॅलेंडरचं इन्व्हाइट पाठवा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं आणि हिवाळ्यात साडेचार तास, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. इन्व्हाइट असलं की ते आपोआप सरकतं. चीनमधल्या पार्टीला मीटची लिंक पाठवू नका, तिथं गूगलच चालत नाही.

अजून एक, सगळं एकाच अ‍ॅपच्या पोटात ठेवू नका. स्काइप इतकी वर्षं चाललं आणि मे २०२५ मध्ये बंद झालं. रेकॉर्डिंग, फाइली, ठरलेले मुद्दे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असू द्यात.

आणि आकड्यांचं. आमच्याकडं आता मीटिंगमध्ये कुणीही माप बोललं की तेच लगेच चॅटमध्ये अंकात टाइप करतं, ३.५ असं, आणि समोरचा ते वाचून मोठ्यानं परत म्हणतो. मीटिंग संपल्यावर चॅट राहीलच असं धरत नाही, बंद करायच्या आधी ते कॉपी करून ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये तारखेनिशी ठेवायचं काम गारगोटीच्या पोरानंच आपणहून घेतलंय.